मृत्यूच्या कारणांचे दप्तर

रोगाला नाव देण्याचा अधिकार वैद्याचा, हे सर्वमान्य आहे. परंतु ते नाव दप्तराच्या कोणत्या सदराखाली घालावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार बहुधा कारकुनाकडेच राहिला, आणि रोगांच्या वर्गीकरणाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या दुसऱ्या अधिकाराचाच इतिहास आहे.

सतराव्या शतकातील लंडन शहरात मृतांच्या साप्ताहिक याद्या छापल्या जात, आणि प्रेत पाहून मरणाचे कारण कळविण्याची कामगिरी शपथ घेतलेल्या वृद्ध स्त्रियांवर सोपविलेली असे. त्या याद्यांत 'वार्धक्य', 'अकस्मात', 'ग्रह' अशी सदरे आढळतात. दात येण्याच्या वयात दगावलेली मुले तर चक्क 'दात' या नावाखाली जमा होत. जॉन ग्राँट नावाच्या एका किरकोळ कापडचोपड विकणाऱ्या व्यापाऱ्याने 1662 साली या याद्यांची चिकित्सा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा उपदंशाने मेलेल्यांची संख्या इतकी अल्प कशी, हा प्रश्न त्याला पडला. त्याने काढलेला निष्कर्ष असा की, मद्याचा एक पेला आणि दुप्पट दस्तुरी मिळाली म्हणजे त्या वृद्धांची दृष्टी मंद होई, उपदंश क्षयाच्या खाती जाई, आणि ज्यांचे नाकच झडून गेले होते किंवा ज्यांचा सर्वांना तिटकारा होता, तेवढेच दुर्दैवी जीव खऱ्या सदराखाली नोंदले जात!

या गोंधळाला शास्त्राची शिस्त लावण्याचे श्रेय विल्यम फार याचे. इंग्लंडात 1837 साली जन्ममृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली, आणि त्या दप्तरात रुजू झालेल्या फारने 1839 च्या पहिल्याच वार्षिक अहवालात तक्रार केली की, एकाच रोगाला तीनचार नावे आहेत आणि एकेक नाव तितक्याच निरनिराळ्या रोगांना लावले जात आहे. ब्रुसेल्सच्या 1853 च्या सांख्यिकी परिषदेने सर्व राष्ट्रांना चालेल अशी यादी करण्याचे काम त्याच्यावर आणि जिनिव्हाच्या मार्क देस्पीन याच्यावर सोपविले. परंतु फारने स्थानिक रोग शरीराच्या अवयवांप्रमाणे लावले, तर देस्पीनने रोगांच्या प्रकृतीप्रमाणे, आणि 1855 साली पॅरिसच्या परिषदेने दोहोंची तडजोड करून 139 सदरांची यादी मुकरर केली. ही तडजोड मला दोष वाटत नाही. ज्या यादीवर वैद्य, आकडेतज्ज्ञ आणि अनेक राष्ट्रांची सरकारे यांना सह्या करावयाच्या, ती निखळ तत्त्वज्ञानातून निपजणे शक्यच नव्हते.

ब्रुसेल्सच्या परिषदेत अशा यादीचा ठराव मांडणाऱ्या आशील गियार याचा नातू जाक बर्तियाँ पुढे पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख झाला, आणि त्याने 1893 साली शिकागो येथे मांडलेल्या यादीपासून आजच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची परंपरा अखंड चालत आली आहे. बर्तियाँच्या यादीच्या तीन आवृत्त्या होत्या, 44, 99 आणि 161 सदरांच्या. ज्या दप्तराची जेवढी कुवत, तेवढी त्याने पेलावी. जागतिक आरोग्य संघटनेने 1948 साली सहावी सुधारणा हाती घेतली, तेव्हा मरणाबरोबर जिवंत माणसाचे आजारही यादीत आले.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत खेड्यातील मृत्यूची खबर गावकामगाराने द्यावयाची, आणि त्याच्यापुढील सदरे मोजकीच: पटकी, देवी, हगवण, अपघात आणि ताप. हिवताप काय, विषमज्वर काय, बाळंतरोग काय, सगळे त्या 'तापा'त विलीन होत.

आज डॉक्टर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याच्या पहिल्या ओळीत आतडे फुटून झालेला उदरदाह लिहितो, त्याखालील ओळीत विषमज्वर लिहितो, आणि संकेतांक देणारा कर्मचारी नियमाप्रमाणे तळची ओळ धरून विषमज्वराचा अंक घालतो. परंतु डॉक्टरने नुसते 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहून दाखला मोकळा केला, तर त्या बिचाऱ्याने कोणता अंक शोधावा? हृदयक्रिया कोणाची बंद पडत नाही? डॉक्टरांची सविस्तर भाषा नोंदण्यासाठी 'स्नोमेड' नावाचा पारिभाषिक कोश निर्माण झाला, त्याची या याद्यांच्या अंकांशी सांगडही घातली गेली, आणि वर्गीकरणाची अकरावी सुधारणा 1 जानेवारी 2022 पासून अंमलात आली. मात्र ही सर्व यंत्रणा डॉक्टरच्या दाखल्यावर उभी आहे, आणि 2020 साली भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी असा दाखला मिळालेले मृत्यू एकचतुर्थांशही नव्हते.