नोंद कुणाच्या नावावर?

२२ मे १९१५ ची सकाळ. स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिलच्या सिग्नल केबिनमध्ये जेम्स टिन्स्ली वहीत मागच्या नोंदी उतरवत बसला होता. पाळी सहाला बदलायची, पण टिन्स्ली आपसातल्या समजुतीने अर्धा तास उशिरा, लोकल गाडीने आला होता. सहानंतरच्या गाड्या रात्रपाळीचा जॉर्ज मीकिन वहीत न लिहिता कागदाच्या तुकड्यावर टिपून ठेवी आणि टिन्स्ली त्या स्वतःच्या अक्षरात वहीत चढवी. साहेबाने वही पाहिली तर माणूस सहापासून हजर! त्या नकलेच्या नादात, आपण ज्या लोकलने आलो तीच समोरच्या रुळावर उभी आहे, हे तो विसरला आणि सैनिकांच्या गाडीला वाट मोकळी दिली. दोनशेहून अधिक माणसं गेली. दोघांनाही तुरुंगवास झाला.

वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचा, प्रत्येक सेशनचा वेगळा लॉग लावायचा, या खटाटोपाचा पूर्वज मी या वहीत शोधतो. ब्रिटिश रेल्वेच्या त्या रजिस्टरात घंटेच्या इशाऱ्यांची वेळ असे आणि पाळीवर येता-जाता सिग्नलमनची सही. लॉगिन, लॉगआउट आणि मधल्या हालचाली, सगळं आलं. खोटं बोलायची रीतही तिथेच आली: नोंद खरी, नाव दुसऱ्याचं.

संगणकाला आरंभी ही अडचण नव्हती. केंब्रिजचा एडसॅक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला, वर्गांचा तक्ता छापून मोकळा झाला आणि चालवणाऱ्यांनी ते वहीत हाताने लिहून ठेवलं. यंत्रावर एका वेळी एकच काम, त्यामुळे ‘कोण’ हे विचारायची गरज नाही. १९६० च्या दशकात तिथल्याच टायटनवर अनेक जण एकाच वेळी बसू लागले आणि पासवर्ड आला. रॉजर नीडहॅम यांनी तो जसाच्या तसा न साठवता, उलटा फिरवता येणार नाही अशा रूपात साठवायची युक्ती काढली. ती आजही कामाची आहे. सेशन आयडी म्हणजे चालू खात्याची किल्लीच, ती लॉगमध्ये उघडी लिहू नये. तिचा हॅश, म्हणजे तसंच न उलटणारं रूप, लिहावा.

वेबने मात्र ‘कोण’ हा प्रश्न पुन्हा उघडा पाडला. एनसीएसएच्या सुरुवातीच्या वेब सर्व्हरने रूढ केलेली लॉगची ओळ पाहा: आधी आयपी पत्ता, मग दोन रकाने खास माणसासाठी, मग वेळ, विनंती, निकाल, बाइट. माणसाच्या त्या दोन्ही रकान्यांत बहुधा नुसती आडवी रेघ असते. सर्व्हरला मागची विनंती आठवतच नाही. ही झाली रोजकीर्द, घडलं तसं एकाखाली एक. तक्रार आली की लागते ती खतावणी. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी आणली, तेव्हा कुठे विनंत्या एका सेशनच्या नावावर लावता येऊ लागल्या.

पुढची कारागिरी छोटी, पण घातक. जावात विनंती आली की एमडीसीमध्ये, म्हणजे लॉगच्या ओळींसाठी थ्रेडला बांधलेल्या टिपणात, वापरकर्त्याचा आयडी ठेवायचा, म्हणजे त्या थ्रेडवरच्या प्रत्येक ओळीला तो चिकटतो. विनंती संपली की पुसायचा. पुसायचं राहिलं तर तोच थ्रेड पुढच्या माणसाला मिळतो आणि त्याची करणी आधीच्याच्या खाती पडते. एरर येत नाही, काही बंद पडत नाही. लॉग अगदी नीटनेटका दिसतो.

नीटनेटक्या लॉगने काय होतं, ते ब्रिटनने होरायझनमध्ये पाहिलं. फुजित्सूची ही प्रणाली १९९९ पासून पोस्ट ऑफिसच्या शाखांत बसली. हिशेबात तूट दिसली की ती शाखाचालकाच्या माथी. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. संगणकाचा पुरावा देणाऱ्याने तो संगणक नीट चालत होता हेही दाखवावं, असं सांगणारं १९८४ च्या कायद्याचं कलम ६९ नेमकं २००० मध्ये गळलं होतं. पडद्यावरचा आकडा खराच, असं आता न्यायालय धरून चालू लागलं.

न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांनी १६ डिसेंबर २०१९ च्या निकालात या लॉगची साल काढली. फुजित्सूचे कर्मचारी दुरून शाखेच्या हिशेबात व्यवहार घुसवू शकत होते. जुन्या होरायझनमध्ये तर ते शाखाचालकाने स्वतः केल्यासारखे दिसतील अशा रीतीनेही. आणि हे विशेषाधिकार असलेल्यांचा लॉग? जुलै २०१५ पर्यंत त्यात फक्त आत कधी आले आणि बाहेर कधी गेले एवढंच होतं. मधे काय केलं, याची नोंद नाही. काउंटरवरच्या माणसाचा टपालतिकिटापर्यंतचा हिशेब, आणि हिशेब बदलू शकणाऱ्याची केवळ हजेरी! ही मला निव्वळ तांत्रिक उणीव वाटत नाही. कुणावर संशय घ्यायचा हे आधीच ठरलं होतं, लॉगची आखणी त्यावर बेतली गेली.

तेव्हा लॉगिंग बसवाल तेव्हा ग्राहकांच्या आधी आपल्याच टीमची अ‍ॅडमिन खाती त्यात घ्या, त्यांची प्रत्येक कृती त्यांच्याच नावावर पडू द्या, आणि तो लॉग अशा जागी ठेवा जिथे त्या खात्यांना खोडाखोडीचा अधिकार नसेल.