पर्वत झिजला, काळी भित्ती उरली: लॅम्प्रोफायर म्हणजे काय?

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ब्रेस्ट बंदराच्या आसपास केरसांतों नावाचा गडद राखाडी दगड मिळतो. तो कोरायला सोपा, पण शतकानुशतके पावसात टिकणारा. तिथल्या चर्चमधल्या कितीतरी मूर्ती त्याच्याच आहेत. प्लुगास्तेल गावात 1598 च्या प्लेगनंतर उभारलेल्या क्रूसाच्या स्मारकातही (1602 ते 1604) हाच दगड वापरला आहे. या दगडाचे शास्त्रीय नाव केरसांटाइट. तो लॅम्प्रोफायर या खडकाचा एक प्रकार आहे.

लॅम्प्रोफायर हे नाव जर्मन भूवैज्ञानिक ग्यूम्बेल यांनी 1874 मध्ये बव्हेरियातल्या डोंगरांतल्या खडकांना दिले. ग्रीक ‘लाम्प्रोस’ म्हणजे चकाकणारा. दगड फोडला की काळ्या अभ्रकाचे पापुद्रे उन्हात चमकतात, म्हणून हे नाव. हा खडक बहुधा भित्ती म्हणजेच डाइकच्या रूपात सापडतो. जमिनीखालच्या भेगेत शिलारस शिरून थिजला की भित्ती तयार होते. तिची जाडी कधी वीतभर, कधी काही मीटर.

ओळखायचा कसा? यातले डोळ्यांना दिसणारे मोठे स्फटिक फक्त गडद खनिजांचे असतात: अभ्रक किंवा हॉर्नब्लेंड. ग्रॅनाइटमध्ये ठळक दिसणारे पांढरे-गुलाबी फेल्डस्पार इथे असते, पण बारीक कणांतच. कारण या शिलारसात पाणी भरपूर असते आणि पाण्यामुळे फेल्डस्पारचे स्फटिक उशिरा बनतात.

खरे कोडे प्रयोगशाळेत समोर येते. या खडकात मॅग्नेशियम, क्रोमियम आणि निकेल भरपूर, म्हणजे शिलारस कवचाखालच्या प्रावरणातून आलेला. पण त्याच तुकड्यात पोटॅशियम, बेरियम आणि थोरियमही भरपूर, आणि ही मूलद्रव्ये तर खंडाच्या कवचात साठलेली असतात. वाटेत कवचाचा खडक शिलारसात विरघळला म्हणावे, तर मग मॅग्नेशियम आणि निकेलचे प्रमाण घटायला हवे होते. ते घटलेले नाही.

उत्तर पर्वताच्या जन्मात आहे. ब्रिटनी, व्होज आणि बव्हेरियाचे डोंगर हे व्हॅरिस्कन पर्वतरांगेचे उरलेले अवशेष. दोन खंड जवळ येताना मधल्या समुद्राचा तळ खाली गेला आणि त्यावरचा गाळही सोबत गेला. त्या गाळातल्या द्रवांनी प्रावरणात अभ्रकयुक्त शिरा तयार केल्या. नायोबियम आणि टायटॅनियम मात्र अशा द्रवांसोबत सहज येत नाहीत, आणि या लॅम्प्रोफायरमध्ये नेमकी त्यांचीच तूट दिसते. पुढे टक्कर ओसरली, खालून उष्णता वर आली आणि या पाणीदार शिरा आधी वितळल्या. हे घडले साधारण 34 ते 30 कोटी वर्षांपूर्वी. पर्वत केव्हाच झिजला; त्याच्या मुळाखाली काय गाडले गेले होते, ते या भित्तींमुळे कळते.

सोन्याच्या खाणींजवळ लॅम्प्रोफायर अनेकदा दिसतो. त्यामुळे 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘सोने हाच खडक वर आणतो’ अशी कल्पना गाजली. आज बरेच अभ्यासक तसे मानत नाहीत. कवचातल्या त्याच खोल भेगा दोघांना वाट देतात, हे स्पष्टीकरण मला जास्त पटते. तेव्हा काळी भित्ती दिसली म्हणून लगेच कुदळ शोधू नका!

कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळही लॅम्प्रोफायरच्या भित्ती आहेत. पण त्यांचा संबंध खंडांच्या टकरीशी नाही. त्या दख्खनच्या ज्वालामुखी काळाशी आणि पश्चिम किनाऱ्याचे कवच ताणले जाण्याशी जोडल्या जातात.