मियाकोचे अकरा दिवस

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात भाविकांची रीघ लागली होती. या संताच्या चमत्कारांविषयी आपल्या धर्मग्रामांतून पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या फसलेल्या बेतांविषयी मात्र क्वचितच. आम्हांला तोच भाग अधिक बोधप्रद वाटत आला आहे.

१५ ऑगस्ट १५४९ रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, फादर झेवियर जपानमधील कागोशिमा येथे उतरले. सोबत फादर कोस्मे द तोरेस, ब्रदर हुआन फर्नांडिस आणि गोव्यात १५४८ साली स्नानसंस्कार घेतलेला आंजिरो हा जपानी गृहस्थ होता. बेत सरळ होता : राजधानी मियाको, म्हणजे आजचे क्योतो, गाठायची, सम्राटाची अनुज्ञा मिळवायची आणि मग देशभर शुभवर्तमान सांगत फिरायचे.

ऐन हिवाळ्यात, बर्फ तुडवीत, फाटक्या वस्त्रांनिशी ते जानेवारी १५५१ मध्ये मियाकोला पोहोचले. यादवी युद्धांनी शहर उद्ध्वस्त झाले होते आणि सम्राट नावापुरताच उरला होता. त्याच्या भेटीस नजराणा लागे. तो तर हिरादो बंदरात मागे राहिला होता. हिएई पर्वतावरील विद्यापीठानेही दार उघडले नाही. अकरा दिवसांनी ते परत फिरले.

भारताच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्त्यांत ज्या दारिद्र्याने मने जिंकली, तेच जपानी सरदारांना भिकारीपण वाटले. फादर झेवियर यांनी हे ओळखले. एप्रिलमध्ये ते यामागुचीला दुसऱ्यांदा गेले ते रेशमी वस्त्रे लेवून, गोव्याच्या व्हाइसरॉयची व महागुरुस्वामींची पत्रे आणि ठोके देणारे घड्याळ, चष्मा, वाद्य असा नजराणा घेऊन. तेथील अधिपती औची योशिताका याने धर्मप्रसाराची परवानगी दिली, वर एक रिकामा मठही दिला. ही तडजोड होती असे काहींना वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. योशिताकाने परतभेट म्हणून देऊ केलेले सोनेरुपे त्यांनी नाकारले होते.

दुसरी चूक अधिक खोल होती. आंजिरोच्या सल्ल्याने ते परमेश्वराला ‘दाइनिची’ म्हणत. शिंगोन पंथाचे भिक्षू त्यामुळे फारच खूश होत, आणि त्या खुशीनेच त्यांना शंका आली. पवित्र त्रैक्याविषयी प्रश्न विचारताच उलगडले की, दाइनिची हा भिक्षूंचा स्वतःचा बुद्ध होय. तेव्हा इतके दिवस वापरलेला शब्द त्यांनी भर रस्त्यात जाहीरपणे टाकला आणि ‘देउस’ हा लॅटिन शब्द स्वीकारला. (श्रद्धेसाठी परभाषेतला शब्द निवडणे किती जोखमीचे! १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले, तेव्हा त्यांनीही ही जोखीम पत्करली होती.)

काही महिन्यांतच यामागुचीत सुमारे ५०० जणांनी स्नानसंस्कार घेतला. पण लोक एक प्रश्न वारंवार विचारीत : हा धर्म खरा, तर चिनी पंडितांना तो ठाऊक कसा नाही? त्या प्रश्नामुळे फादर झेवियर चीनकडे वळले. ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या भूमीपासून थोड्याच अंतरावरील सांच्यान बेटावर त्यांचे देहावसान झाले. आत पाऊल टाकता आले नाही.

पुढे गोव्यात काही काळ शिकलेले फादर मत्तेओ रिची १६०१ साली पेकिंगला पोहोचले. त्यांच्या सामानात सम्राटासाठी घड्याळे होती.