दुसरा कुत्रा आणताय? जात नंतर ठरवा, आधी घरातल्या पहिल्याकडे पाहा

नंदनवन (नागपूर) : घरी एक कुत्रा रुळला की वर्ष-दोन वर्षांत घरातली पोट्टी मागे लागतातच, आणखी एक आणू म्हणून. मग मोबाईलवर फोटो पाहणे सुरू होते. हस्की कसा दिसतो, पग किती गोड, रॉटवायलर केवढ्याला. या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. नवीन कुत्र्यासोबत दिवसाचे चोवीस तास राहणार तो घरातला पहिला कुत्रा, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

नंदनवन, खरबी, वाठोडा या भागात अंगण थोडके आणि गच्ची मोठी अशी घरे पुष्कळ. कुही, उमरेड, भिवापूरकडे शेती असलेली कुटुंबेही इथे आहेत. घरासाठी दुसरा कुत्रा आणणे वेगळे आणि शेतासाठी आणणे वेगळे. आधी घराचे पाहू.

पहिल्याचे वय किती?

पहिला कुत्रा वर्षाच्या आतला असेल तर थांबा. तो अजून स्वतःच शिकतो आहे. पिल्लू माणसापेक्षा मोठ्या कुत्र्याचे पाहून लवकर शिकते. पहिला फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्याला भुंकत असेल, पट्टा ओढत असेल, चपला फाडत असेल, तर दोन महिन्यांत तेच करणारे दोघे होतील. पहिला हाक मारल्यावर येतो, जेवताना गुरगुरत नाही, एकटा शांत राहतो, एवढे जमले की मगच दुसऱ्याचा विचार करावा. साधारण दोन ते सहा वर्षे हे पहिल्याचे वय त्यासाठी सगळ्यात चांगले.

खरी चूक होते ती म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरात. लॅब्रेडॉर आठ-नऊ वर्षांचा झाला, चालताना मागचे पाय ओढतो, दिवसभर झोपतो. घरच्यांना वाटते, पिल्लू आणले की याच्यात जीव येईल. कधी कधी येतोही. पण बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांचे पिल्लू त्याच्या कानाला लोंबकळते, दुखऱ्या कंबरेवर उड्या मारते, त्याचे अंथरूण बळकावते. म्हातारा आधी तोंड फिरवतो, मग गुरगुरतो, आणि एक दिवस चावतो. त्या दिवशी घरात शिव्या त्यालाच पडतात! दहा वर्षे घर राखलेल्या कुत्र्याचे शेवटचे वर्ष असे जाऊ नये. म्हाताऱ्याच्या सोबतीला आणायचेच असेल तर तीन ते पाच वर्षांचा, शांत स्वभावाचा, आधी दुसऱ्या कुत्र्यांत राहिलेला मोठा कुत्रा पाहावा. तसा मिळत नसेल तर न आणणे हेही उत्तर आहे.

एकाच वेळी दोन पिल्ले आणण्याचा मोहही टाळावा. ती एकमेकांतच गुंततात, माणसाचे ऐकत नाहीत, आणि मोठी झाली की एकमेकांवाचून एक मिनिट राहत नाहीत किंवा कडाकडा भांडतात.

नर की मादी?

जातीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. एक नर आणि एक मादी ही जोडी सगळ्यात कमी भांडते. दोन नर बऱ्याचदा जमवून घेतात. दोन माद्यांचे एकदा बिनसले की ते भांडण सहसा मिटत नाही. अर्थात नर-मादी ठेवायचे तर नसबंदी हवीच. मादी साधारण सहा-सहा महिन्यांनी माजावर येते, तो काळ तीन आठवड्यांच्या आसपास चालतो, आणि लागल्यावर ६३ दिवसांच्या आसपास पिल्ले होतात. ‘लक्ष ठेवू’ म्हणणाऱ्या घरातच पिल्ले झालेली पाहिली आहेत. नसबंदी कोणत्या वयात करायची ते जात आणि वजन पाहून डॉक्टरांना ठरवू द्या, मोठ्या जातींत थोडे थांबायला सांगतात.

वजनाचाही मेळ पाहा. तीस किलोचा लॅब आणि चार किलोचा पामेरियन यांचे भांडण होण्याची गरजच नाही, खेळतानाच छोट्याचा पाय मोडू शकतो.

नागपूरचे ऊन कोणती जात सोसेल?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. त्यामुळे चपट्या नाकाचे पग, बुलडॉग, शिह त्झू यांना इथला उन्हाळा जड जातो, कारण धाप टाकायची वाटच आखूड. हस्की आणि सेंट बर्नार्ड तर बर्फातले प्राणी. ‘कूलर लावू’ हे उत्तर पुरेसे नाही. बंद खोलीत कूलर चालला की हवा दमट होते आणि दमट हवेत धापा टाकून अंग नीट थंड होत नाही. खिडकी उघडी हवी. शिवाय दुपारी वीज गेली तर काय, तेही ठरवून ठेवा.

लॅब चालतो, पण आपल्याकडे तो हमखास लठ्ठ होतो. जर्मन शेफर्डला सावली आणि रोजचा व्यायाम लागतो, आणि घेताना आईबापाच्या कंबरेचा त्रास विचारावा.

आमचे मत विचाराल तर नंदनवनासारख्या वस्तीत दुसरा कुत्रा गावठीच घ्यावा, आणि तोही पिल्लू नव्हे, दीड ते तीन वर्षांचा. अंगाने हलका, केस आखूड, ऊन सोसणारा. मुख्य म्हणजे मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लाचा फक्त अंदाज असतो. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली तर त्याची नसबंदी झाली आहे असे समजावे. त्या वेळी रेबीजची लसही देतात, तरी घरी आणल्यावर पुन्हा टोचून घ्या.

देशी जातीच हव्या असतील तर मराठवाड्यातला कारवान आणि बागलकोटकडचा मुधोळ, जवळचेच नातलग दोघे. मुधोळवर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघाले. पण हे पळत्याच्या मागे लागणारे शिकारी कुत्रे. रोज मोकळे धावायला मिळत नसेल, किंवा घरात मांजर, कोंबड्या, शेळ्या असतील, तर नको. पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर केंद्राने मार्च २०२४ मध्ये बंदीचे पत्रक काढले, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केले. कायद्याचे काय व्हायचे ते होवो, ज्या घरात आधीच एक कुत्रा आहे तिथे पिटबुल आणू नये.

पिल्लूच घ्यायचे तर आठ आठवड्यांच्या आतले घेऊ नका. २०१७ च्या नियमांप्रमाणे ते विकताच येत नाही. महिन्याभराचे पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ म्हणून गळ्यात मारतात. आई आणि भावंडांत राहून चावा किती जोराचा घ्यायचा हे ते शिकलेलेच नसते.

आणल्यावर

पहिली भेट घरात नको. दोघांना दोन माणसांनी पट्ट्यावर धरून मोकळ्या मैदानात थोड्या अंतराने सोबत चालवा, मग एकत्र घरी आणा. पिल्लाचे डोस पुरे झाले नसतील तर मैदानात नेऊ नका, भेट स्वच्छ अंगणात किंवा गच्चीवर करा. भांडी वेगळी, जेवणाची जागा वेगळी. पहिल्याला आधी वाढा.

आणण्याआधी पहिल्याच्या लसी पूर्ण आहेत का ते पाहा. नवा आला की दहा-चौदा दिवस वेगळा ठेवा, गोचीड काढा, जंताचे औषध द्या. भेटीगाठी त्यानंतर. वर्षभरात घरात पार्व्होने पिल्लू गेले असेल तर तिथे अर्धवट लसीचे पिल्लू आणू नका. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तपासणीसाठी सेमिनरी हिल्सचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

शेतासाठी हवा असेल तर

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या आसपास शेत असेल तर एकट्या कुत्र्याला सोबत हवी, हे खरे. पण घरात वाढलेला कुत्रा एकदम शेतावर सोडू नका. तिथे गावातलाच, गुराढोरांत वाढलेला, वर्षाच्या वरचा नर-मादीचा जोड बरा. रात्री साखळीला बांधून उघड्यावर ठेवलेला कुत्रा बिबट्याला आयताच सापडतो. दोघांनाही अंधार पडायच्या आत जाळी लावलेल्या, वरून झाकलेल्या गोठ्यात घ्यावे. आणि रेबीजची लस दरवर्षी, शेतावरच्यालाही. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कुत्रा घरचा की शेतावरचा, असा फरक त्या कलमात नाही.