चौथ्या दिवशी सोडलेली पट्टी

हाडांच्या वॉर्डात मी नोकरीभर ड्रेसिंगं केली. पट्टी सोडताना माझं लक्ष आधी वासाकडे जातं, मग कडांच्या लालीकडे. शिकाऊ मुलींना हे सांगताना ग्लासगोच्या जेम्स ग्रीनलीजची हकिगत मी आवर्जून सांगायची.

१२ ऑगस्ट १८६५. ११ वर्षांच्या जेम्सच्या डाव्या पायावरून गाडीचं चाक गेलं. नडगी मोडली, वर दीडेक इंचाची जखम. त्या काळी हाड मोडून कातडीही फाटली, की बहुधा पाय कापायचा. नाहीतर जखम सडून माणूसच जायचा. जखमेला पू धरणं तर कित्येक सर्जन चांगलं लक्षण समजत!

रॉयल इन्फर्मरीतल्या जोसेफ लिस्टर यांनी पाश्चरचं सूक्ष्मजंतूंवरचं काम वाचलं होतं. कार्लाइल गावी सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक अ‍ॅसिड वापरतात, हेही त्यांना कळलं होतं. त्याच अ‍ॅसिडात भिजवलेलं कापड जेम्सच्या जखमेवर ठेवून पाय फळ्यांत बांधला. पट्टी सोडली ती चार दिवसांनी. पू नव्हता. भोवतालची कातडी मात्र अ‍ॅसिडनं लाल झाली होती. म्हणून पुढच्या पट्ट्यांना अ‍ॅसिड पातळ केलं, आधी पाण्यात, मग तेलात. मला ही हकिगत आवडते ती इथे. औषध लागू पडलं म्हणून तेच रेटत न बसता जखम काय सांगते ते त्यांनी पाहिलं. सहा आठवड्यांत हाड जुळलं, पाय वाचला. १८६७ मध्ये लिस्टरनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा ११ रुग्णांची माहिती छापली, त्यांतला एकच दगावला.

१८७७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात त्यांनी याहून मोठं धाडस केलं. एकाच्या गुडघ्याची वाटी फुटली होती, पण कातडी शाबूत होती. तिच्यावर मुद्दाम छेद घेऊन वाटीचे तुकडे त्यांनी चांदीच्या तारेनं बांधले. जखम सडणार नाही हा भरवसा नसता, तर धडधाकट कातडी कापायला कोण धजलं असतं? आज हाडं जोडणाऱ्या रॉड-प्लेटचं कौतुक होतं. माझ्या मते त्यांचा पाया त्या पट्ट्यांनी घातला.

म्हणून रुग्णांच्या घरच्यांना माझं सांगणं आहे: ऑपरेशनच्या जखमेवर हळद, राख, पाल्याचा लेप काही लावू नका. हात धुतल्याशिवाय पट्टीला शिवू नका. पट्टी ओली झाली, वास आला, लाली वाढली किंवा ताप चढला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.