फोटोमागचा मदतनीस

जुने फोटो आम्ही कौतुकाने पाहतो. पण फोटोग्राफरच्या मदतनिसाची आठवण कुणाला येते? १८५५ साली क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटन या इंग्रज फोटोग्राफरसोबत मार्कस स्पार्लिंग होता. तो घोडागाडी हाकायचा, फोटोच्या कामात हात लावायचा. तेव्हा काचेवर औषध लावून, ती वाळायच्या आत फोटो काढून धुवावा लागे. एकदा तोफगोळे पडणाऱ्या दरीकडे निघताना स्पार्लिंग म्हणाला, आधी गाडीचा न् माझा फोटो काढा. पुढचा काय भरवसा? फेंटनने काढला. म्हणूनच हा मदतनीस आजही दिसतो. आपल्या घरच्या फोटोंमागेही नावे लिहून ठेवू या, बत्ती धरणाऱ्याचेसुद्धा!