परका शिक्षक आणि त्याचे दोन वाचक : होमर हल्बर्टच्या कोरियाविषयक लेखनाचा अन्वय

परकीयाने केलेल्या समाजवर्णनाकडे अभ्यासक सामान्यतः दोन रीतींनी पाहतात. एका रीतीत असे लेखन म्हणजे इतिहासाचे साधन असते. त्यातील चालीरीती, घरे, अन्न, लग्ने, अंत्यविधी यांची माहिती वेचून घ्यायची आणि लेखकाला बाजूला सारायचे. दुसरी रीत एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर रूढ झाली. तीत हेच लेखन पाश्चात्त्य सत्तेने पौर्वात्य समाजाची घडवलेली प्रतिमा ठरते. माहिती दुय्यम होते आणि पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी उरते. या दोन रीती परस्परविरोधी असल्या, तरी त्यांचे एक गृहीतक समान आहे. कोण पाहतो, हा प्रश्न दोन्हींना महत्त्वाचा वाटतो. कोणाला सांगतो आणि कोणत्या भाषेत सांगतो, हा प्रश्न मात्र मागे पडतो. कोरियात शिक्षक म्हणून गेलेल्या होमर हल्बर्ट (१८६३–१९४९) या अमेरिकन लेखकाचे लेखन या प्रश्नाची निकड दाखवून देते.

हल्बर्टच्या आधी पाश्चात्त्य वाचकाला कोरिया ठाऊक होता तो मुख्यतः दुरून. १८८२ साली कोरियाने अमेरिकेशी करार केला आणि त्याच वर्षी विल्यम ग्रिफिस यांचे कोरियाला 'एकांतवासी राष्ट्र' म्हणणारे पुस्तक निघाले. ग्रिफिस जपानात शिक्षक होते. कोरिया न पाहता त्यांनी तो ग्रंथ सिद्ध केला होता. संन्याशाची ही उपमा पुढे दीर्घकाळ टिकली. एखाद्या समाजाने दार लावून घेतले आहे असे म्हटले की ते उघडणाऱ्याच्या हेतूंची चौकशी करण्याचे कारण उरत नाही, हे त्या उपमेचे राजकारण होते. १८८६ साली राजा कोजोंग याच्या सरकारने सोलमध्ये इंग्रजी शिक्षणाची राजकीय शाळा काढली आणि तीन तरुण अमेरिकन शिक्षक बोलावले. हल्बर्ट त्यांपैकी एक. म्हणजे हा शिक्षक बंद दार फोडून आत गेलेला नव्हता. तो राजाचा पगारी नोकर होता; यजमानाने त्याला एका विशिष्ट कामासाठी घरात घेतले होते. त्याच्या लेखनाचा विचार करताना ही स्थिती विसरता येत नाही.

शाळेतील विद्यार्थी यांगबान, म्हणजे उच्चकुलीन अधिकारीवर्गातील होते. त्यांच्या घरात विद्या म्हणजे अभिजात चिनी. पंधराव्या शतकात राजा सेजोंगच्या काळात तयार झालेली आणि १४४६ साली जाहीर झालेली कोरियन वर्णमाला, जिला आज हंगुल म्हणतात, त्या काळी 'ग्राम्य लिपी' या अर्थाच्या नावाने ओळखली जाई. तिचा वापर स्त्रिया आणि सामान्य जन यांच्यासाठी पुरेसा मानला जात असे. परक्या शिक्षकाला जी लिपी थोडक्या दिवसांत शिकता आली आणि जिच्या शास्त्रशुद्ध रचनेने तो चकित झाला, तीच त्याच्या विद्यार्थ्यांना हीन वाटत होती. दैनंदिन व्यवहारातील हा विरोध हल्बर्टचे कोरियाविषयीचे पहिले महत्त्वाचे निरीक्षण होय. ते त्याने प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले नाही. त्यातून त्याने एक पाठ्यपुस्तक लिहिले.

१८९० च्या सुमारास प्रसिद्ध झालेले 'सामिन फिल्जी' हे ते पुस्तक. विद्वान आणि सामान्य जन या दोघांनाही जे कळलेच पाहिजे ते, असा या नावाचा अर्थ. सूर्यमाला आणि पृथ्वी यांच्यापासून आरंभ करून एकेका खंडातील देश, त्यांचे हवामान, पिके, राज्यव्यवस्था, धर्म, सैन्य यांची माहिती त्यात संपूर्णपणे हंगुलमध्ये दिली आहे. प्रस्तावनेत लेखक दोन गोष्टी करतो. कोरियन लोक आपल्या सोप्या लिपीला तुच्छ लेखतात, याबद्दल तो खेद व्यक्त करतो. आणि परका असल्यामुळे आपली भाषा कच्ची आहे, तरी लाज बाजूला ठेवून लिहीत आहोत, अशी कबुलीही देतो. या कबुलीत केवळ विनय नाही. इंग्रजीत कोरियाविषयी लिहिणाऱ्या कोणत्याही लेखकाला आपल्या अज्ञानाचा हिशोब कोरियन वाचकाला द्यावा लागत नव्हता. येथे तो द्यावा लागतो. वर्णनाचा विषय असलेला माणूस येथे वाचक होतो आणि पाहण्याची दिशा उलटते. कोरियन वाचक जग पाहतो, त्या जगात युरोप-अमेरिकाही येतात, आणि शिक्षकाची चूक पकडण्याचा अधिकारही त्या वाचकाकडेच असतो.

या संहितेचे पुढचे प्राक्तन उद्बोधक आहे. १८९५ साली सरकारी यंत्रणेने तिचे अभिजात चिनीत भाषांतर करून ते छापले. जे ज्ञान ग्राम्य लिपीत आधीच उपलब्ध होते, ते विद्वानांपर्यंत जाण्यासाठी पुन्हा चिनी वेश धारण करून आले. शीर्षकात 'विद्वान' आणि 'सामान्य जन' एकत्र आणले तरी वाचनाच्या व्यवहारात ते एकत्र येत नाहीत, हे या भाषांतराने सिद्ध केले. दुसऱ्या बाजूने मात्र काळ बदलत होता. १८९४ च्या सुधारणांत चिनी विद्येवर आधारलेल्या जुन्या परीक्षा रद्द झाल्या होत्या आणि १८९६ च्या एप्रिलमध्ये केवळ हंगुलमध्ये, शब्दाशब्दांत अंतर सोडून छापलेले 'तोंगनिप सिन्मुन' हे वृत्तपत्र सुरू झाले.

हल्बर्टच्या इंग्रजी लेखनातही एक प्रवाह असा आहे की जेथे शिक्षक ऐकणारा होतो. १८९६ साली त्याने कोरियन गायनावर लेख लिहून 'आरिरांग' हे लोकगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत बद्ध केले. जेवणात भाताचे जे स्थान, तेच गाण्यांत या गीताचे, अशा आशयाचा त्याचा अभिप्राय आहे. ध्रुवपद स्थिर राहते आणि कडवी गाणारा प्रसंगी रचतो, हे त्याच्या लक्षात आले होते. उपमा पाहुण्याच्या सामानातून आलेली नाही, यजमानाच्या ताटातून आली आहे, ही गोष्ट लक्षणीय. १९०२ साली आपल्या 'द कोरिया रिव्ह्यू' या मासिकात त्याने कोरियात कादंबरी नाही या मताचा प्रतिवाद केला. त्याचा युक्तिवाद साहित्यसिद्धान्ताच्या दृष्टीने आजही विचारार्ह आहे. कादंबरी म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरी अशी व्याख्या केली, तर कोरियाकडे ती नाही. पण लोकलिपीतील कथा आणि व्यावसायिक कथेकऱ्याचे सादरीकरण हेही कल्पित साहित्यच मानले, तर अभाव कोरियाचा नसून व्याख्येचा ठरतो.

१९०६ चे 'द पासिंग ऑफ कोरिया' मात्र वेगळ्या वाचकासाठी आहे. न्यूयॉर्क आणि लंडन येथून निघालेल्या या ग्रंथात भाषा, साहित्य, संगीत, शिक्षण, स्त्रियांचे स्थान, लोककथा, गुलामगिरी, दफनविधी अशी प्रकरणे आहेत. येथे कोरियन माणूस पुन्हा तृतीय पुरुषी एकवचनी होतो. त्याचा स्वभाव चिनी आणि जपानी स्वभावांच्या मध्ये ठेवला जातो, श्रद्धांना अंधश्रद्धेचे नाव मिळते. सैद यांच्या पद्धतीने वाचणाऱ्याला पुरावा शोधावा लागत नाही. परंतु ग्रंथाचा काळ ध्यानात घेतला की वाचन इतके सोपे राहत नाही. जपानच्या प्रभावाकडे काही काळ आशेने पाहणारा हल्बर्ट १९०५ मध्ये कोजोंगचे पत्र घेऊन वॉशिंग्टनला गेला. त्याच नोव्हेंबरात जपानने संरक्षणाचा करार लादला आणि अमेरिकी शासनाने त्या पत्राची दखल घेतली नाही. ज्या देशाला आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार उरला नव्हता, त्याच्या रोजच्या जगण्याचे तपशील येथे साक्षीपुराव्यासारखे मांडले आहेत. ज्यांची स्वतःची गाणी, कथा, लिपी आणि विधी आहेत त्यांना राज्य करता येत नाही असे कोण म्हणेल, हा ग्रंथाचा अव्यक्त प्रश्न आहे. त्याची शोकांतिका अशी की ही साक्ष देण्यासाठी त्याला न्यायाधीशाची भाषा वापरावी लागली, आणि त्या भाषेत साक्षीदार व आरोपी यांपैकी कोरियन माणूस कोण, हे स्पष्ट राहिले नाही.

हल्बर्टच्या दृष्टीची मर्यादा भारतीय वाचकाला आणखी एका ठिकाणी जाणवेल. कोरियन आणि द्राविडी भाषांचा तौलनिक व्याकरणग्रंथ त्याने याच काळात लिहिला. कॉल्डवेल यांच्या १८५६ च्या ग्रंथाने द्राविडी भाषांचा अभ्यास रुळावर आणला होता. हल्बर्टने त्या सामग्रीवरून दक्षिणेकडून कोरियात स्थलांतर झाल्याचे अनुमान केले. प्रत्ययांची साखळी, शब्दयोगी रूपे, वाक्यान्ती येणारे क्रियापद ही साम्ये खरी. पण अशी साम्ये जगातील अनेक असंबद्ध भाषांत आढळतात, त्यामुळे हे अनुमान भाषाशास्त्रात मान्य झाले नाही. लोकगीत ऐकताना जो संयम त्याने पाळला, तो मूळ शोधताना सुटला. दैनंदिन भाषा ही बोलणाऱ्यांची असते. मूळ सांगण्याचा अधिकार मात्र तो स्वतःकडे घेतो.

१९०७ च्या हेग येथील शांतता परिषदेपर्यंत कोरियाची बाजू मांडण्याचे प्रयत्न त्याने केले, पण त्याच वर्षी कोजोंगला पदत्याग करावा लागला आणि १९१० मध्ये जपानने देश गिळंकृत केला. १९४९ साली स्वतंत्र दक्षिण कोरियाच्या निमंत्रणावरून तो सोलला परतला आणि काही दिवसांतच, ५ ऑगस्ट रोजी, तेथे वारला. हंगुलसाठी केलेल्या कार्याबद्दल २०१४ साली त्याला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान देण्यात आला. राष्ट्राच्या स्मृतीला 'सामिन फिल्जी'चा लेखक हवा असतो आणि वसाहतवादाच्या समीक्षेला 'द पासिंग ऑफ कोरिया'चा. दोघींना अर्धाच माणूस पुरतो. वास्तविक दोन्ही संहितांमागचा अनुभव एकच आहे. ज्या संहितेत वर्णित समाज वाचक म्हणून समोर बसला आहे, तेथे लेखकाला आपल्या उणिवेची कबुली द्यावी लागते; जेथे तो समोर नाही, तेथे प्रेमही निवाड्याचे रूप घेते. परकीयाच्या समाजवर्णनाची पारख करताना त्याच्या सहानुभूतीचे माप घेण्यापेक्षा त्याने आपल्या मजकुरात वाचकाची जागा कोणाला दिली, हे पाहणे म्हणूनच अधिक फलदायी ठरेल.